ब्रुगमान्शियासाठी मांडव

गेल्या हिवाळ्यात मी एका झाडाला थंडीपासून वाचवता वाचवता उकडून काढलं.

हे कर्जतला घडलं. ज्यांनी कर्जतचा हिवाळा पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. पहाटे स्वेटर अंगावर, आठ वाजता स्वेटर खुर्चीवर आणि अकराला पंखा चालू. वर माथेरानला थोडी बरी थंडी असते, पण मी राहते खाली, भिसेगावात. इथे छत्तीस वर्षं मी प्राथमिक शाळेत शिकवलं. ऋतू तीन, महिने बारा, हेही मीच शिकवलं. तेव्हा मला माहीत नव्हतं अशी सबब सांगायची सोयसुद्धा नाही.

मी एकटी राहते. आमचे हे जाऊन सहा वर्षं झाली आणि मुलगा निखिल कॅनडात असतो. मला एकटेपणा अजिबात जाणवत नाही, असं मी आठवड्यातून तीनदा तरी कोणाला ना कोणाला सांगते. (कोणी भेटलं नाही तर कुकरला सांगते. तो निदान शिट्टी तरी देतो.) आळीतली अर्धी माणसं माझ्या हाताखालून गेलेली, उरलेल्यांची मुलं गेलेली, त्यामुळे सगळे मला 'बाई'च म्हणतात. रस्त्यात दिसले की हातातली विडी लपवतात. "बाई, तुमचं चुकतंय" असं म्हणणारा माणूस अख्ख्या भिसेगावात नाही. ऐकायला हे बरं वाटतं. पण ज्याला चूक काढायची भीती वाटते, तो गप्पा मारायलाही येत नाही, हे मला निवृत्त झाल्यावर कळलं.

निखिलचा फोन रविवारी सकाळी यायचा, तिकडे तेव्हा शनिवारची रात्र. जेवलास का, जेवलो. गोळी घेतलीस का, घेतली. तिकडे थंडी आहे का, आहे. मग दोघंही काहीतरी आठवायचा प्रयत्न करायचो आणि तो म्हणायचा, चल मग. मी एकदा घड्याळ लावून बघितलं होतं. चार मिनिटं! त्यातलंही एक मिनिट 'ऐकू येतंय का' यातच जायचं.

मग ते झाड आलं.

दीड वर्षापूर्वी निखिल पंधरा दिवसांसाठी आला होता. जवळच्या चौक गावी एका नातेवाइकाकडे जाऊन परत येताना रस्त्याकडेच्या नर्सरीत त्याने रिक्षा थांबवली आणि लहानपणी जत्रेत ओरडायचा तसा ओरडला. समोर एक झाड होतं. त्याला वीतभर लांब पिवळी फुलं, सगळी तोंडं खाली करून लोंबत होती, वर्गाबाहेर उभी केलेली मुलं असतात तशी. तो म्हणाला, आई, हे माझ्याकडे आहे. त्याच्या तिकडच्या घरामागे छोटं काचघर आहे, त्यात आधीच्या मालकिणीने हेच झाड ठेवून दिलं होतं. त्याने लगेच एक रोप घेतलं, रिक्षात मांडीवर धरून घरी आणलं आणि अंगणात ठेवून म्हणाला, "आता आपल्या दोघांकडे एकच झाड."

झाडाचं नाव ब्रुगमान्शिया. मला ते म्हणता येईना, म्हणून मी ते वहीत दहा वेळा लिहून काढलं. (मुलांना जी शिक्षा करायचे ती स्वतःला केली. हात दुखतो, हे खरं आहे. मुलं खोटं बोलत नव्हती.) शेजारची सुगंधा बघायला आली. तिची भाताची शेती आहे, झाडाझुडपांतलं तिला माझ्याहून दहापट कळतं. ती म्हणाली, ह्यो तर धोतरा, नुस्ता उलटा टांगलाय. मी तिला नाव सांगितलं. तिने मान डोलावली आणि नंतर कायम धोतराच म्हणाली. झाड विषारी असतं, हात लावला की धुवायचा, हे मात्र निखिलने आणि तिने दोघांनीही बजावलं.

पावसाळ्यात झाड माझ्या खांद्याला आलं. नवरात्राच्या सुमारास त्याला फुलं लागली आणि संध्याकाळी अंगण वासाने भरून जायला लागलं. आणि आमचा फोन चार मिनिटांवरून चाळीस मिनिटांवर गेला. मी फोन कुंडीसमोर धरायची, तो तिकडून त्याची कुंडी दाखवायचा. तुझ्या पानाला भोकं का, माझ्या पानाला का नाहीत. पानाखालच्या किडीवर आम्ही मायलेक जितकं बोललो तितकं त्याच्या नोकरीवर आणि माझ्या गुडघ्यांवर मिळून कधी बोललो नव्हतो. शनिवारी रात्री मला झोप लागायची नाही, उद्या झाडाबद्दल काय काय सांगायचं त्याची मी मनात उजळणी करायची.

दिवाळी झाली आणि एका रविवारी निखिल म्हणाला, आई, आता झाडाला झोपवायची वेळ आली. मी वही घेऊन बसले. त्याने सांगितलं की झाड छाटायचं, काचघरात आत घ्यायचं, उजेड कमी करायचा, पाणी जवळजवळ बंद करायचं आणि आतलं तापमान दहा अंशांच्या आसपास ठेवायचं. मग पानं गळतील, नुसती काठी उरेल, झाड मेल्यासारखं दिसेल. "पण पानं गळली म्हणून घाबरायचं नाही. ते मेलेलं नसतं, झोपलेलं असतं."

तो त्याच्या झाडाबद्दल सांगत होता. तिकडे बाहेर बर्फ पडतो, उघड्यावर ठेवलं तर झाड एका रात्रीत जाईल. चौथीतल्या मुलानेही हात वर करून विचारलं असतं की बाई, आपल्याकडेही असंच करायचं का? मी विचारलं नाही. खरं सांगायचं तर मी मुद्दामच विचारलं नाही. त्याचं झाड चार महिने झोपणार आणि माझं जागं राहणार, मग आम्ही बोलायचं काय? तो काठी दाखवणार, मी फुलं दाखवणार, 'छान' म्हणून झालं. परत चार मिनिटं! मला ते नको होतं. त्याचं झाड जे करेल तेच माझ्या झाडाने करावं, एवढंच मला हवं होतं. मी म्हटलं, मीही आत घेते. त्याला वाटलं, ओटीवर घेणार.

मी हमीदच्या दुकानात गेले. हमीद ताडपत्री, प्लास्टिक आणि पाइप विकतो. आता पन्नाशीला आलाय, पण माझ्यासाठी तो अजून दुसऱ्या बाकावरचाच. मी पारदर्शक प्लास्टिक मागितलं तर तो बिचकत म्हणाला, बाई, पावसाला अजून सहा महिने हायत. मी म्हटलं, महिने मला शिकवू नकोस, मी तुला शिकवलेत. त्याने निमूट दोन माणसं आणि बांबू पाठवून दिले. अंगणात चार बांबू उभे राहिले, वरून आणि चारी बाजूंनी प्लास्टिक ताणून सुतळीने बांधलं गेलं, दाराच्या जागी एक पडदा सोडला. झाड छाटून मी आत ठेवलं. उजेड कमी करायचा होता, म्हणून वरून माझ्या जुन्या साड्या टाकल्या. एक पिवळी, एक हिरवी, दोन जरीकाठाच्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुगंधा फाटकात उभी. कमरेवर हात ठेवून तिने माझ्या काचघराकडे वरपासून खालपर्यंत बघितलं.

"मांडव घातला, बाई? निखिलचं लगीन ठरलं वाटतं. सांगितलं पन नाय."

आता इथे मी 'नाही' म्हणायला हवं होतं. तोंडही उघडलं होतं. पण सुगंधा इतकी खूश दिसत होती, आणि ती फाटकाच्या आत आली होती. एरवी ती फाटकाबाहेरून 'बऱ्या हात ना बाई' विचारते आणि पुढे जाते. मी म्हटलं, बघू, अजून काही नक्की नाही. ती आत आली, बसली, चहा प्यायली, आणि जाताना म्हणाली की मांडव असा मोकळा बरा दिसत नाय. तासाभराने ती आंब्याचे डहाळे घेऊन आली आणि तिने चारी बांबूंना ते बांधून टाकले. एका बांबूला हळदकुंकूही लावलं. आत झाड उकडत होतं.

त्या दिवशी माझ्याकडे अकरा कप चहा झाला. मी मोजला, कारण कपबशा कमी पडून दोन पेले काढावे लागले. मुलगी कुठली, तारीख कधीची, हॉल घेणार का दारातच करणार. मी प्रत्येकाला 'बघू' म्हणत होते. 'बघू' हे खोटं नसतं, असं मी स्वतःला समजावत होते. (वर्गात असं कोणी मला समजावलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं.)

इकडे झाडाची प्रगती मात्र उत्तम चालली होती. पाच दिवसांत पानं पिवळी पडली, आठ दिवसांत गळली. मी आनंदाने निखिलला सांगितलं, तो म्हणाला, अरे वा, माझ्याआधी? मला पहिला नंबर आल्यासारखं वाटलं. मग फांद्यांची टोकं काळी पडली. वहीत बघितलं, 'मेल्यासारखं दिसेल'. बरोबर! जे जे बिघडत होतं ते ते वहीत लिहिलेलंच होतं. हमीद एकदा येऊन पडद्यातून हात आत घालून गेला आणि हळूच म्हणाला, बाई, आतमदी भाजतंय. मी म्हटलं, तुला वर्गातही दम निघायचा नाही.

एकच गोष्ट जमत नव्हती, ती म्हणजे दहा अंश. भिंतीवरचा थर्मामीटर मी आत टांगला होता. तो सकाळी नऊलाच तिशीच्या पुढे जायचा. आता कोणीही शहाणं माणूस काय करेल? प्लास्टिक काढेल. मी आत टेबलफॅन लावला. त्याने काही होईना, म्हणून ओली पोती टाकली. तरी होईना, तेव्हा मी मच्छीबाजारातून बर्फाची लादी आणवली. म्हणजे थंडी लागू नये म्हणून बांधलेल्या घरात मी थंडी विकत आणून ठेवत होते. बर्फाला बोंबलाचा वास होता. पहिल्या दिवशी एक मांजर आलं, आठवड्याभरात पाच झाली. मी जन्मात मासे खाल्लेले नाहीत आणि माझ्या दारच्या मांडवाला बाजाराचा वास यायला लागला. सुगंधा नाक वर करून म्हणाली, आत्तापासून मासळी भरून ठेवलीत काय? मी म्हटलं, बघू.

रविवारी फोन आला की मी आत शिरायची. आत वाफ धरलेली असायची, माझा चष्मा पांढरा व्हायचा आणि फोनची काचही. निखिल म्हणायचा, तुझं नेट हळू आहे का, सगळं धूसर दिसतंय. मी म्हणायची, हो रे, भिसेगावात नेट हळूच असतं. मग तो त्याची काठी दाखवायचा आणि मी माझी काठी दाखवायची. दोन काठ्यांवर आम्ही अर्धा अर्धा तास बोललो आहोत. मी घामाने निथळत असायची, पण फोन हलवायची नाही. इतकं सुख मला बऱ्याच वर्षांत झालं नव्हतं.

हे चाललं संक्रांतीच्या आधीच्या रविवारपर्यंत. त्या दिवशी सुगंधा नव्या भाताचे पोहे घेऊन आली होती, लगीनघरी लागतील म्हणून. हमीदही विचारायला आला होता की पाहुण्यांसाठी मांडव पुढे वाढवायचा का. दोघं अंगणात उभे होते आणि तेवढ्यात फोन वाजला. मी पटकन आत शिरले, पडदा लावला आणि काठीसमोर फोन धरला. तीनचार मिनिटं सगळं नेहमीसारखं चाललं. पण बाहेर हमीदच्या मनात काय आलं कोण जाणे, त्याला वाटलं बाई आत गुदमरतील. त्याने मागच्या बाजूचं प्लास्टिक सुतळी सोडून वर उचललं. वारा आत आला आणि फोनची काच लख्ख झाली.

"आई," निखिल म्हणाला, "मागे साड्या का लटकल्यात?"

त्याला आता सगळं दिसत होतं. साड्या, आंब्याचे डहाळे, पंखा, ओली पोती, बर्फाची लादी, तिच्याभोवती बसलेली मांजरं आणि मधोमध काळी पडलेली काठी.

"तो थर्मामीटर जरा जवळ धर."

मी धरला. चव्वेचाळीस.

"मी दहा म्हटलं होतं."

"म्हणूनच तर बर्फ ठेवलाय," मी म्हटलं.

तो हसायला लागला. इतका हसला की फोन त्याच्या हातातून पडला आणि मला त्याच्या घराचं छत दिसायला लागलं. हसत हसतच तो म्हणाला की आई, माझ्याकडे बाहेर उणे अठरा आहे म्हणून मी झाकतो, तुझ्याकडे थंडी आहेच कुठे? मलाही हसू यायला लागलं होतं, पण तेवढ्यात पडदा बाजूला झाला आणि सुगंधाने डोकं आत घातलं.

"निखिल, कदी येतोस रं? आयशीनं म्हैना झाला मांडव घालून ठेवलाय तुज्यासाठी. दोनदा आंब्याचे डहाळे बदलले मी."

तिकडचं हसणं थांबलं. छताच्या जागी परत निखिलचा चेहरा आला.

"माझ्यासाठी?"

"झाडासाठी आहे," मी म्हटलं. कोणाचाच विश्वास बसला नाही. आणि खरं सांगू का, त्या क्षणी मला स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. घाम आहे, असं मी जाहीर केलं. हमीद जमिनीकडे बघायला लागला, वर्गात शेजारच्याला मार बसताना बघायचा तसा.

निखिल हळू आवाजात म्हणाला, आई, मला जूनपर्यंत रजा नाही. आणि लग्नाचं काय, कोणाचं लग्न? मग मी सगळं सांगून टाकलं. मांडव, बघू, अकरा कप चहा. त्याच्यासमोर, सुगंधासमोर, हमीदसमोर आणि पाच मांजरांसमोर. सगळं सांगून झाल्यावर म्हटलं, "तुझं झाड झोपलं असतं आणि माझं जागं राहिलं असतं, तर आपण बोललो कशावर असतो रे?"

तो म्हणाला, बुंध्याशी नखाने खरवडून बघ, आत हिरवं आहे का. मला धीर होईना. सुगंधाने खाली बसून खरवडलं. वर तपकिरी, मधे तपकिरी, अगदी मातीजवळ चार बोटं हिरवं निघालं. हाय अजून, ती म्हणाली, आणि जाऊन हात धुऊन आली. तेवढा खुंट ठेवून हमीदने वरचं कापलं, संध्याकाळपर्यंत बांबू काढले आणि कुंडी धुणं धुवायच्या दगडाजवळ सावलीत ठेवून दिली. पोहे परत घेऊन जा, असं मी सुगंधाला मान खाली घालून म्हटलं. ती ओटीवर बसली आणि म्हणाली, पोहे ऱ्हाऊ द्या. मग म्हणाली, "मांडव नसता तरी आमी आलो असतो, बाई. पन तुमच्या दारात कारनाशिवाय यायचं म्हंजी भ्याव वाटतं." मला आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी 'बाई, तुमचं चुकतंय' म्हटलं होतं. मी तिला चहा दिला.

तो आठवडा वाईट गेला. कुंडीत चार बोटांचा खुंट होता, त्याला डोळाही फुटलेला नव्हता. येत्या रविवारी दाखवायला माझ्याकडे काहीही नव्हतं. मी वहीत विषय लिहून काढायला बसले. पाणी वेळेवर येतं. गुडघा बरा आहे. पळसदरीचं धरण अजून भरलेलं आहे. तिसऱ्या विषयाला वही मिटली. चार मिनिटांसाठी एवढं पुरे.

रविवारी फोन वाजला. मी खुर्चीत बसून उचलला, ओटीवरची भिंत दाखवली आणि आधीच सांगून टाकलं की बाबा रे, आज झाड नाही दाखवायला.

"मग तू दिसू दे ना," तो म्हणाला. "तीन महिने मी नुसती कुंडी बघतोय."

मला हे सुचलंच नव्हतं. मी चष्मा पुसला, पदराने तोंड पुसलं, केसांवरून हात फिरवला आणि फोन स्वतःकडे वळवला. तो बघत राहिला. इतका वेळ, की मला वाटलं नेट गेलं.

"आई," तो शेवटी म्हणाला, "किती बारीक झालीस. आणि केस केवढे विरळ झालेत."

"पानं गळली म्हणून घाबरायचं नाही," मी म्हटलं. "तूच सांगितलंयस."